रंगविलेली माणसे

माझा एक भाचा मालवाहू बोटीवर नोकरीला आहे. आमच्या कोकणपट्टीत दोन घरांआड एखादा तरी दर्यावर असतोच, तेव्हा त्यात सांगण्यासारखे काही नाही. सांगण्यासारखे हे की, गेल्या गणपतीत तो सुटीवर आला तो फोनमध्ये एक आख्खी मिरवणूक घेऊन आला. त्याच्याबरोबर इंजिनखोलीत काम करणारा एक फिलिपिनो गडी लेयते बेटावरच्या ताक्लोबान शहरचा. त्याने आपल्या गावच्या उत्सवाच्या चित्रफिती ह्याला दिल्या होत्या. आरती आटोपली, मुले पत्त्यांना बसली, आणि भाचा माझ्याजवळ सरकून म्हणाला, "मामा, हे बघा. आपल्या आजीच्या हातावर होतं ना, तसं ह्यांच्या अंगभर आहे."

मी पाहिले. घोट्यापासून गळ्यापर्यंत निळ्याकाळ्या रेघांनी भरलेली शेकडो उघडी अंगे ढोलांच्या ठेक्यावर रस्त्यातून पुढे येत होती. कुणाच्या छातीवर सूर्यासारखी चक्रे, कुणाच्या मांडीवर नागमोडी पट्टे. डोक्याला पिसे, हातात ढाली. आणि ह्या सगळ्या रानटी थाटाच्या मधोमध (रानटी हा शब्द मी त्या क्षणी मनात वापरला, तो लपवीत नाही) मखमलीचा झगा घातलेले, मुकुट ल्यालेले, गुबगुबीत गालांचे एक बालक उंच धरलेले होते. ती बाल येशूची मूर्ती. तिकडे तिला 'सान्तो निन्यो' म्हणतात. उत्सवाचे नाव 'पिन्तादोस'. दर वर्षी 29 जूनला तो भरतो, आणि दुसऱ्या दिवशी गावची मोठी जत्रा.

पुढचे चार-पाच दिवस मी त्या चित्रफिती पुनःपुन्हा पाहिल्या, आणि ह्या विषयावर जे काही वाचायला मिळाले ते वाचले. नाटकाचे किंवा कादंबरीचे परीक्षण लिहावे तसे ह्या उत्सवाचे लिहावे, असे मनाने घेतले. उत्सव हीदेखील एक रचनाच असते. कुणीतरी ती बेतलेली असते, काही घेतलेले असते, काही गाळलेले असते; आणि जे गाळले त्यावरूनच रचनेची परीक्षा होते, हे आम्हा कादंबरीवाल्यांना चांगले ठाऊक आहे.

प्रथम नावापासून सुरुवात करू. 'पिन्तादोस' हा शब्द त्या बेटांतल्या कुठल्याच भाषेतला नाही. तो स्पॅनिश आहे, अर्थ, 'रंगविलेले'. 1521 च्या मार्च महिन्यात मॅगेलनची जहाजे सामार बेटाच्या आसपास पोचली. हा मॅगेलन आपल्याला अगदीच परका नव्हे. 1505 साली अल्मेदाच्या आरमाराबरोबर तो हिंदुस्थानात आला होता आणि दीवच्या लढाईत लढला होता. पुढे पोर्तुगालच्या राजाशी बिनसले म्हणून स्पेनच्या चाकरीत शिरला आणि उलट्या वाटेने पृथ्वी ओलांडून ह्या बेटांना लागला. त्याच्या तांड्यात पिगाफेत्ता नावाचा एक इटालियन होता. त्याने सारे टिपून ठेवले. सेबूचा राजा हुमाबोन ह्याचा चेहरा अग्नीने रंगविलेला आहे, अशा अर्थाचे त्याने लिहिले. पिगाफेत्ताची लेखणी मला इथे आवडते. ह्या रंगात काहीतरी दाहक आहे एवढे त्या माणसाने ओळखले होते. त्याच्यामागून आलेल्या स्पॅनिश लोकांनी मात्र अग्नी गाळला आणि रंग तेवढा ठेवला. मधल्या बेटांतले, म्हणजे विसायातले, सगळे लोक 'रंगविलेले' ठरले, आणि त्यांच्या बेटांना 'पिन्तादोसची बेटे' असे नाव पडले. अंगाला नाव एकाने दिले तसे देशालाही दुसऱ्याने दिले. 1543 मध्ये विल्यालोबोस नावाच्या कप्तानाने लेयते-सामारला स्पेनच्या युवराज फेलिपेवरून 'फिलिपीनास' म्हटले, आणि तेच पुढे साऱ्या द्वीपसमूहाला चिकटले.

ते लोक रंगविलेले नव्हते. ते गोंदलेले होते. रंग कातडीवर बसतो. गोंदण कातडीत जाते. ह्या दोन गोष्टींत जो फरक आहे तो आपल्याकडच्या कुठल्याही म्हातारीला विचारावा. आल्सीना नावाच्या एका जेझुइट पाद्र्याने विसायात अनेक वर्षे काढली आणि 1668 मध्ये तिथल्या लोकांवर मोठा ग्रंथ लिहिला. त्याच्या आणि इतर जुन्या कागदांच्या आधारे विल्यम हेन्री स्कॉट ह्या अभ्यासकाने 1994 मध्ये जे चित्र उभे केले, ते वाचताना माझ्याच पोटऱ्या आवळल्या. धातूच्या टोकदार दातांची फणी कातडीवर धरायची, वरून लहान हातोडीने ठोकायचे, रक्त आले की त्यात काजळी भरायची. अंग सुजे, ताप भरे, क्वचित माणूस दगावेही. म्हणून सगळे अंग एकदम गोंदीत नसत. पहिले घोट्याजवळ, मग हळूहळू पाय चढत कमरेपर्यंत, मग छाती. आणि तोंडावर गोंदून घेण्याची छाती फारच थोड्यांना. आणि ते नुसते सोसण्याचे काम नव्हते, कमावण्याचे होते. लढाईत शौर्य गाजवल्यावाचून नवी रेघ मिळत नसे. गोंदणाला 'बातुक' म्हणत. ज्याच्या अंगावर ते नाही त्याला 'पुराव', म्हणजे कोरा. बायका फक्त हात गोंदून घेत.

म्हणजे ज्याला परक्यांनी रंगरंगोटी समजले, ती त्या माणसाची कातडीवर लिहिलेली बखर होती. त्याचे वय, त्याच्या लढाया, त्याच्या जखमा, सारे अंगावर वाचावे.

1590 च्या सुमारास मनिलात तयार झालेले एक सचित्र हस्तलिखित आहे. बॉक्सर नावाच्या इंग्रज इतिहासकाराने ते 1947 मध्ये विकत घेतले, म्हणून त्याला बॉक्सरचे हस्तलिखित म्हणतात. सध्या ते अमेरिकेत इंडियाना विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. त्यात एका पानावर दोन विसायन पुरुष उभे आहेत. लंगोटीखेरीज अंगावर वस्त्र नाही, तरी ते उघडे वाटत नाहीत. गोंदणाने त्यांना पुरते झाकले आहे. पण पुढच्या चित्रांत विसायातलेच प्रतिष्ठित लोक नखशिखांत वस्त्रे नेसून, सोन्याने मढून उभे आहेत. ही दुसरी चित्रे मिरवणुकीच्या बेतकारांनी मनावर फारशी घेतलेली दिसत नाहीत. सोने आणि रेशीम नेसणारे पूर्वज त्यांनी गाळले. उघडे आणि ढाल नाचवणारे ठेवले. रस्त्यावर उठून दिसते ते हेच, हे मला कळते. पण प्रेक्षकांत बसलेल्या माझ्यासारख्याच्या तोंडी 'रानटी' हा शब्द येतो त्याला ही निवडही जबाबदार आहे, असे म्हटल्यावाचून राहवत नाही.

आता त्या बालमूर्तीकडे वळू. 1521 च्या एप्रिलमध्ये हुमाबोनच्या राणीचा बाप्तिस्मा झाला, तेव्हा मॅगेलनच्या लोकांनी तिला बाल येशूची एक लाकडी मूर्ती भेट दिली. त्याच महिन्याच्या 27 तारखेला शेजारच्या माक्तान बेटावर लापुलापूच्या माणसांनी मॅगेलनला ठार केले. उरलेली जहाजे निघून गेली, मूर्ती राहिली. चव्वेचाळीस वर्षांनी, 1565 मध्ये, लेगास्पी आला, त्याने सेबूचे गाव जाळले, आणि जळक्या घरांतून एका शिपायाला ती मूर्ती सापडली. मधल्या काळात गोंदलेल्या माणसांनी ती जपलेली होती. तिकडच्या लोकांचा देवतांना शब्द 'दिवाता'. आपल्या 'देवता'चाच तो समुद्र ओलांडून गेलेला भाऊ, जसा त्यांचा 'राजा' आपल्या राजाचा. तेव्हा एका नव्या छोट्या दिवाताला त्यांनी घरात जागा दिली असेल तर आपल्याला ते समजायला जड नाही. आपल्या देव्हाऱ्यात रांगता बाळकृष्ण असतोच.

पण त्या बालकाच्या मागून जे आले त्यात गोंदणाला जागा नव्हती. पाद्र्यांच्या लेखी ती जुन्या धर्माची खूण. पिढी-दोन पिढ्यांत लढायाही संपल्या, रेघ कमावण्याचे कारण उरले नाही, आणि विसायातली ती विद्या मालवली. आपल्या शेजारी गोव्यात 1736 मध्ये धर्मपीठाने हुकूम काढून नवख्रिस्ती घरांत तुळस ठेवायला मनाई केली, ती हकिकत पुष्कळांना ठाऊक असेल. आता पंधरवड्यावर तुळशीचे लग्न आले आहे म्हणून ती आठवली, इतकेच. सत्ता धर्माचा हात धरून येते तेव्हा ती अंगणात आणि अंगावर प्रथम पाहते.

म्हणून ताक्लोबानच्या रस्त्यावरचे हे दृश्य मला पहिल्यांदा चमत्कारिक वाटले. ज्या देवाच्या नावाने फणी आणि हातोडी बंद पडली, त्याच देवापुढे गोंदलेले पूर्वज नाचताहेत! आणि तेही चारशे वर्षे अखंड नाचत आले असे नव्हे. ही रूढी तरुण आहे. 1986 मध्ये, म्हणजे ज्या वर्षी मार्कोसची सत्ता कोसळली त्या वर्षी, ताक्लोबानच्या काही नागरिकांनी 'पिन्तादोस फाउंडेशन' स्थापले आणि 1987 च्या 29 जूनला पहिला उत्सव झाला. माझ्या वयाच्या माणसाच्या हयातीतली ही गोष्ट. पुढे प्रांतातल्या गावोगावच्या पथकांचा 'कासाद्याआन', म्हणजे आनंदोत्सव, त्याला जोडला गेला.

माझा खरा आक्षेप इथे आहे. स्पॅनिशांनी चुकून 'रंगविलेले' म्हटले. चार शतकांनी नातवंडे आपल्या गोंदलेल्या पूर्वजांची आठवण काढायला उभी राहिली, ती अंगाला रंग लावून! परक्याची चूक त्यांनी आपल्या हाताने खरी करून दाखविली. सकाळी ब्रशाने चार तासांत जे चढते ते संध्याकाळी बादलीभर पाण्याने उतरते. ज्या रेघेसाठी एका माणसाने तापाने फणफणत महिना काढला, ती रेघ इथे बक्षिसासाठी, परीक्षकांच्या टेबलापुढून जाताना ठळक दिसावी म्हणून ओढलेली. पथकांची चढाओढ हा ह्या उत्सवाचा सर्वांत दुबळा भाग आहे. तिथे पावले इतकी मोजून पडतात आणि हसू इतके एकसारखे असते की आमच्या आंतरशालेय स्पर्धेतली लेझीम आठवते.

त्याच फिलिपीन्समध्ये उत्तरेला, लुझोनच्या डोंगरांत, कालिंगा लोकांत गोंदण खरोखरीचे जिवंत आहे. तिथे स्पॅनिशांचा अंमल नीटसा कधी बसलाच नाही. बुस्कालान गावची वांग-ओद ही वृद्धा लिंबाच्या जातीच्या झाडाचा काटा, बांबूची काडी आणि काजळी एवढ्यावर अजून ठोकते. 2023 मध्ये एका नामांकित फॅशन मासिकाने तिचे चित्र मुखपृष्ठावर छापले, तेव्हा तिचे वय 106 सांगितले होते. तिचे ते सुरकुतलेले, रेघांनी भरलेले हात पाहिले की ताक्लोबानचा रंग फार स्वस्त वाटू लागतो.

इथपर्यंत लिहून मी थांबलो होतो. लेख पुरा झाला असे वाटत होते. मग एक जुनी गोष्ट आठवली आणि पुढचे लिहिणे भाग पडले.

काही वर्षांपूर्वी शाळेच्या स्नेहसंमेलनात मी जात्यावरच्या ओव्यांचा कार्यक्रम बसविला होता. पाचवी-सहावीच्या आठ मुली, नऊवारी लुगडी, खरे जाते, आणि (ही माझी खास सूचना) सगळ्यांच्या हातांवर गोंदण. काजळात बुडवलेल्या काडीने मी स्वतः आठ तुळशीवृंदावने काढली. नमुना घरचाच होता. आईच्या उजव्या हातावरचा. माझ्या एका कादंबरीत मी त्या गोंदणावर दोन पाने खर्च केली आहेत. मेल्यावर बाईबरोबर एवढाच दागिना जातो, वगैरे. ती पाने बऱ्याच वाचकांना आवडली होती, आणि मलाही.

आई कार्यक्रमाला आली होती. संपल्यावर मी तिला विचारले, "गोंदण बघितलंस का? हुबेहूब तुझं आहे." तिने जवळ उभ्या असलेल्या एका मुलीचा हात हातात घेतला, अंगठा ओला केला आणि वृंदावनावरून फिरवला. काजळ फरपटले. तिने मुलीला विचारले, "जातं ना गं धुऊन?" मुलगी म्हणाली, "हो आजी, साबणानं." "बरं झालं," आई म्हणाली.

घरी येताना तिने सांगितले. सहा-सात वर्षांची असताना गोंदणारीण आली, दोघी बायांनी खांदे दाबून धरले, आणि चुलतीने तोंडात पदराचा बोळा दिला. तिने काही कमावले नव्हते. तिला कुणी विचारलेही नव्हते. ते दोन पानी वर्णन लिहिताना मीही तिला विचारले नव्हते.

हा प्रसंग आठवल्यावर मला माझ्या आक्षेपाकडे पुन्हा पाहावे लागले. गोंदण खरे आणि रंग खोटा, हे सांगणे फार सोपे आहे; विशेषतः ज्याच्या अंगावर एकही रेघ नाही अशा, शुद्ध 'पुराव' टीकाकाराला. जे परत येणार नाही ते परत आणता येत नाही. लढाया नकोत, गुलाम पकडून आणणाऱ्या स्वाऱ्या नकोत (बातुक कमावण्याचा तोही एक मार्ग होता, हे उत्सवात कुणी दाखवीत नाही), मग ती रेघ कशाच्या बळावर मागायची? रंग लावणारा पोरगा निदान एवढे कबूल करतो की, हे माझे नव्हे, उसने आहे, संध्याकाळी परत करीन. ऐतिहासिक कादंबरी लिहिणाऱ्या किती जणांनी ही कबुली दिली आहे?

ह्या दृष्टीने पाहताना उत्सवातला जो भाग मी प्रथम भराभर पुढे ढकलला होता तोच मला सर्वांत मोलाचा वाटला. त्याचे नाव 'बाल्युआन', म्हणजे अदलाबदल. ताक्लोबान हे एकेकाळी कांकाबातोक नावाची वाडी होते. समोर पाणी, आणि पाण्यापलीकडे सामार बेटावर बासेय गाव. बासेयच्या बुस्कादा वाडीत आणि कांकाबातोकमध्ये सान्तो निन्योच्या मूर्तींची अदलाबदल झाली होती, असे परंपरा सांगते. त्याची आठवण म्हणून अजूनही मूर्ती नावांतून पाण्यावरून येते, काठावर माणसे वाट पाहत उभी असतात, आणि दोन गावे एकमेकांना आपापला देव देतात. इथे ना बक्षीस, ना परीक्षक. माझ्याकडच्या चित्रफितीत तर कॅमेराही हलतो आहे, कुणाचा तरी खांदा मध्येच येतो. पण आपला देव दुसऱ्याच्या हाती सोपवून त्याचा आपण घ्यायचा, ह्या कल्पनेला तोड नाही. पाचशे वर्षांपूर्वी त्या मूर्तीची पहिली देवघेव एका हाती तलवार ठेवून झाली होती. बाल्युआनमध्ये तीच देवघेव दोन शेजारी बरोबरीच्या नात्याने करतात. पथकांचा नाच हे जर ह्या नाटकाचे नेपथ्य म्हटले, तर बाल्युआन हा त्यातला अंक आहे.

ताक्लोबानच्या मूर्तीची आणखी एक कथा लोक सांगतात. ती मनिलाला गेली असता परतीच्या जहाजाला आग लागली, पेटी समुद्रात पडली. इकडे गावात पटकी उसळली. पुढे मूर्ती कोळ्यांना सापडली, 1889 च्या जूनअखेर गावी आली आणि साथ हटली. जूनच्या अखेरीस जत्रा भरते ती ह्याच आगमनाची. कथेची छाननी करण्याचे मला कारण नाही. समुद्राने नेलेले समुद्रानेच परत दिले, हा धीर त्या गावाला किती लागतो ते 2013 च्या 8 नोव्हेंबरला जगाने पाहिले. त्या दिवशीच्या चक्रीवादळाने समुद्र गावात घुसला आणि देशभरात सहा हजारांवर माणसे गेली, त्यांत ताक्लोबानची सर्वांत जास्त. त्या गावाला रस्त्यावर ढोल वाजवायला आणि अंगाला निळा रंग लावायला पुन्हा उभे राहावेसे वाटले. त्या रंगाला मी आरंभी स्वस्त म्हटले होते. तो शब्द मी मागे घेतो. चढाओढीवरचा आक्षेप मात्र घेत नाही.

भाचा गणपतीनंतर परत कामावर गेला. निघण्याआधी मी त्याला त्या गड्याविषयी विचारले. म्हणाला, "ह्या 29 जूनला आम्ही भर समुद्रात होतो, मामा. त्याची पाळी रात्रीची. दुपारी बघतो तर केबिनमध्ये वीतभर सान्तो निन्यो मांडलेला, आणि हा आरशापुढं बसून पेट्यांवर खुणा करायच्या पेनानं हातावर रेघा ओढतोय. डाव्या हातानं उजव्यावर काही जमेना. मग मला म्हणाला, तू काढ."

"मग?"

"काढल्या. मला काय येतंय? आजीचं वृंदावन तेवढं ठाऊक होतं, तेच काढलं. त्याला फार आवडलं. पाळीला जायच्या आधी घासघासून धुतलं, पण कोपराच्या वळ्यांत निळं राहिलंच. आठ दिवस दिसत होतं."